माप

तंबू निळा आहे, सरकारी निळा,
मासळीबाजाराच्या मागे, जिथे परवापर्यंत जाळी वाळत.
रात्रीही आत दिवा असतो,
म्हणजे दिवसा लाजणारे रात्री येतात.
माझा ओकेलो भर दुपारी गेला.
लाज त्याला ठाऊक नाही, बापावर गेलाय.

सिस्टर रिस्पर फळ्यावर लिहिते: साठ टक्के.
मी म्हटलं, बाई, मी ओमेना विकते,
शंभरातल्या साठ मासळ्या कुठल्या, ते दाखव.
ती हसली नाही. म्हणाली, तसं नसतं डोर्सिला,
जिथे दहा पुरुषांना लागण झाली असती
तिथे सुंता केल्यावर चौघांना होते.

मग मी त्या चौघांचाच विचार करत बसले.
मला मोजायची खोड आहे.
डब्यावर शीग चढवून देणारी बाई मी,
माप कमी पडलं तर रात्री डोळा लागत नाही.

आणि बायकांना?
बायकांना किती?

खडू थांबला.
थेट असं काही नाही, ती म्हणाली. कालांतराने.
पुरुषांत कमी झाला की बायकांपर्यंत कमी येईल.

कालांतर.
माझ्या सवतीला तेवढं मिळालं नाही.

घरी सासरा. न्याक्वाका म्हातारा,
खालच्या जबड्यातले पुढचे सहा दात नाहीत,
शब्द त्या फटीतून वाऱ्यासारखे येतात:
"ओढ्याकाठी बसवून सहा दात काढले माझे.
रडलो नाही म्हणून कोंबडा मिळाला.
तेवढ्यावर मी लुओ झालो,
चामडीला कुणी हात लावला नाही.
डोंगरापलीकडचे कापतात, त्यांचं त्यांच्यापाशी.
जन्मभर ते आम्हाला पोरगे म्हणाले,
आम्ही ऐकून घेतलं.
आणि आता कुणी फळ्यावर आकडा लिहितो
नि तुम्ही रांग लावता?"

ओकेलो दारात. कमरेला बहिणीचं लेसो गुंडाळलेलं,
पाय फाकून, अजून होडीतच उभा असल्यासारखा.
"आजोबा, दात कशाला काढायचे?"

"धनुर्वात झाला, दातखीळ बसली,
तर फटीतून पेज पाजता यावी म्हणून."

कुणी काही बोललं नाही.
चुलीवरचं भांडं उतू गेलं, ते मी उतरवलं.

बऱ्याच वेळाने म्हातारा म्हणाला,
"पण ते आमचं आम्ही ठरवलं होतं."
"तुमचं वय काय होतं तेव्हा?"
"बारा."
"मी एकोणीस आहे," ओकेलो म्हणाला,
आणि भिंत धरत धरत खाली बसला.

पहाटे चारला होड्या लागतात.
लोल्वेच्या काठावर मासळीची किंमत
काही जण दोनदा घेतात, पैशांत एकदा.
हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कुणी बोलत नाही.

ओग्वेनोने आज पैशांआधी कार्ड काढलं.
प्लास्टिकमध्ये घातलेलं, शिक्का, तारीख.
"सहा आठवडे कधीच झाले. आता ते रबर कशाला?"

मी कार्ड कंदिलापाशी नेलं,
वाचलं, उलटं करून पाठही वाचली.
त्याचं नाव होतं. वय होतं. तंबूचा नंबर.
माझ्याबद्दल त्यात काही नव्हतं.

लेसोच्या टोकाला मी गाठ मारते,
नाणी असतात तिच्यात, आणि एक पाकीट.
गाठ सोडली.
"तू सहांतला की चौघांतला,
ते या कार्डावर लिहून आण," मी म्हटलं.
"तोवर हेच."

तो हसला. मग माझ्या मागे बघू लागला.
मागे डबा घेऊन एक पोर उभी होती,
माझ्या ओकेलोच्या वयाची असेल.
तिच्या गाठीत काय होतं
ते अंधारात मला दिसलं नाही.

होडीत ओमेना ढिगाने पडल्या होत्या,
वरच्या अजून हलत होत्या.
ऊन चढलं की भाव उतरतो.
मी डबा खाली ठेवला नाही.